रांगोळीतला तेलाचा डाग

"आला गे," आत्या म्हणाल्या.

मी जीप मागे घेऊन नुकतीच खाली उतरले होते. नीट उजाडलंही नव्हतं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सड्याची बादली धरून दारात उभ्या होत्या आणि रात्रभर जीप उभी होती त्या जागेकडे टक लावून बघत होत्या. डावं मागचं चाक होतं तिथं रुपयाएवढा काळा डाग पडला होता.

"कोण आला?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच अंगावर काटा आला. कोण ते मला ठाऊक होतं.

कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत जीप दारासमोरच उभी राहते. पहाटे ती मागे घ्यायची, मग आत्यांनी सडा टाकायचा आणि तांदळाच्या पिठाची रांगोळी काढायची. माझा नवरा होता तोवर जीप हलवणं त्याचं काम होतं. तिच्या मागच्या चाकाशी तेल अडवणारं रबरी सील जुनं झालेलं, म्हणून तेलाचा डाग पडायचाच, आणि त्यावरून मायलेकांचं भांडणही रोजचंच. "माझ्या रांगोळीत तुझं हे घाणेरडं तेल कशाला रे मेल्या?" आत्या ओरडायच्या. तो हसायचा. "आई, गाडीत तेल आहे म्हणून गळतंय. गळायचं थांबलं की संपलं समज."

मग तो गेला. दुपारी जेवून ओट्यावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला, तो उठलाच नाही. वर्षभर दारात रांगोळी नव्हती आणि जीप मागच्या गोठ्यात धूळ खात होती. मी काही रडत बसले नाही. नाचियार्कोविलहून पितळी समया आणून दुकानांना पोचवायचा त्याचा धंदा मी अंगावर घेतला, आधी भाड्याच्या गाडीनं, आणि वर्षश्राद्ध झाल्यावर जीप बाहेर काढून. डोळ्यांतून टिपूस नाही, बाई दगडाची आहे, असं लोक म्हणायचे. म्हणेनात का! समया काय रडून पोचणार होत्या?

पहिल्याच खेपेला समयांच्या ओझ्यानं डावा ॲक्सल तुटला. गॅरेजच्या मेस्त्रीनं नवा बसवला, सील नवं घातलं आणि क्राऊनमध्ये नवं तेल भरलं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोल डबा असतो ना, तो क्राऊन. त्याच्या पोटातले दाते चाकांना फिरवतात. पुस्तकात त्याला डिफरेन्शियल म्हणतात. एवढं सगळं नवं घातल्यावर गळायला काही कारणच उरलं नव्हतं. तरी डाग पडला, आणि तोही जुन्याच जागी.

मी फडकं आणायला निघाले तर आत्यांनी हात धरला. डागाभोवती ठिपके मांडून त्यांनी त्याला मधोमध ठेवलं आणि रांगोळी काढली. मग आत जाऊन कॉफीचा पेला भरून आणला आणि ओट्याच्या कडेला ठेवला. तो पेला दुपारपर्यंत तसाच होता. मीच तो मोरीत ओतला.

मी डागात बोट बुडवून हुंगलं. ब्रेकचं तेल पातळ असतं, इंजिनच्या तेलाला जळका वास येतो. हे जाड होतं, बोटाला चिकटणारं, आणि त्याला कुजक्या लसणासारखी घाण येत होती. क्राऊनचंच तेल. उभा संसार मी या वासाचे शर्ट धुतले होते, मला कोण शिकवणार? त्या दिवशी हात तीनदा साबणानं धुतला तरी वास गेला नाही. संध्याकाळी कपाट उघडलं तर तोच वास आत. त्याचे कपडे तर मी कधीच वाटून टाकले होते.

पुढं रोजचंच झालं. ज्या दिवशी मी जीप घेऊन जायची, त्याच्या दुसऱ्या पहाटे डाग. एकदा ताप आला म्हणून गेले नाही, तर जमीन कोरडी. "काल नाही आला," आत्या म्हणाल्या आणि पेला भरलाच नाही. खरं सांगते, मीसुद्धा वाट बघायला लागले होते. जीप मागे घेतली की आधी खाली वाकून बघायची. डाग दिसला की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

मेस्त्रीनं सील पुन्हा बदललं. तरी गळतंच. "अक्का, ॲक्सल नवा, बेअरिंग नवं, सील तर दोनदा नवं," तो हात पुसत म्हणाला. "आता उरलं ते पिशाच्चच." तो हसला. मला हसू आलं नाही.

आणि एक दिवस समया भरून येताना पुढं शेळ्या आल्या. मी ब्रेक दाबला तर जीप फटकन एका बाजूला ओढली गेली आणि डावं चाक धरलंच नाही. जरा इकडंतिकडं झालं असतं तर शेळ्यांमागच्या म्हातारीला मी चिरडलंच असतं. तेल ब्रेकच्या ड्रममध्ये शिरत होतं. म्हणजे आता हे बंद करायलाच हवं होतं. पण बंद केलं की आत्यांचा लेक यायचा बंद होणार. त्या बाईला हे मी कुठल्या तोंडानं सांगू?

ड्रम धुऊन, ब्रेक पुसून घेतले. दुसऱ्या दिवशी मी रॉकेलनं क्राऊन, त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि चाकामागची पत्र्याची थाळी लख्ख पुसली, आणि रांगोळीच्या पिठाचा डबा उचलला.

"माझं पीठ कुठं चाललं?" आत्यांनी विचारलं.

"जीपलाही रांगोळी काढते म्हटलं, तिनंच का मागं राहावं?"

त्या हसल्या नाहीत. तेल झिरपेल तिथं भिजेल म्हणून मी सगळीकडे कोरडं पीठ थापलं, समया न भरता हळूहळू नाचियार्कोविलला जाऊन आले आणि गाडीखाली शिरले. क्राऊनच्या सांध्यावर पीठ कोरडं, नळ्यांवर कोरडं. फक्त चाकाशी, नव्या सीलाखाली, ते भिजून काळा लगदा झालं होतं. म्हणजे डब्याला कुठं चीर नव्हती, आणि दोनदा बदललेलं सील काही खराब असणार नव्हतं. आतलं कुणीतरी तेलाला बाहेर ढकलत होतं.

तेल जास्त भरलंय का ते बघावं म्हणून मी भरायच्या भोकाचा बोल्ट सैल केला, आणि आतून लांब फुस्स झालं. गरम, लसणाच्या घाणीची वाफ तोंडावर आली. तो कामावरून येऊन माझ्या कानाशी वाकायचा ना, अगदी तसं. मी डोळे मिटून तशीच पडून राहिले. भीती वाटली, आणि जाऊ नये असंही वाटलं.

मग डोकं चालायला लागलं. गाडी पळाली की आतली हवा तापते, फुगते. ती जायला क्राऊनच्या डोक्यावर एक बारकी टोपी असते, ब्रीदर म्हणतात तिला. ती बुजली तर कोंडलेली हवा सीलातून तेल रेटते. हे त्यानंच मला शिकवलं होतं. मी हात वर घातला आणि चाचपलं. टोपीवर चिंधी होती.

सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं ती घट्ट बांधली होती. वरून एकच फासा, टोक ओढलं की सुटावा असा. गाठ त्याची. चिंधी त्याच्या वेष्टीच्या, नेसायच्या धोतराच्या, काठाची. जायच्या आदल्या दिवशी अरसलार नदीला पूर आला होता आणि नाचियार्कोविलच्या रस्त्यावर गुडघ्याच्या वर पाणी होतं. क्राऊनमध्ये पाणी शिरू नये म्हणून त्यानं टोपी बांधली आणि पाण्यातून जीप काढून समया आणल्या. घरी आल्यावर सोडायची होती. सोडायला तो उरला नाही.

मी टोक ओढलं. एका ओढीत सुटली. तेव्हाही मी रडले नाही. चिंधी ब्लाउजमध्ये खोचली आणि जीप पळवून आणली. पुन्हा बोल्ट सैल केला, तर आवाज नाही. क्राऊन चूप होता.

दुसऱ्या पहाटे जमीन कोरडी. आत्यांनी जमिनीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि रांगोळी काढली. मधली जागा रिकामी. त्या दिवशी मी कामाला गेले नाही. ताटावर बसले पण घास उतरेना. आत्यांना काय वाटत असेल या काळजीनंच, असं मी मनाला सांगितलं.

संध्याकाळी ठरवलं की मेस्त्रीकडून आलेल्या डब्याच्या तळाशी चमचाभर तेल आहे, उद्या आत्यांच्या आधी उठून एक थेंब टाकायचा. एवढं खोटं देव पोटात घालील. दुसऱ्या पहाटे ते तेल बाटलीत ओतून, बाटली पदराखाली घेऊन मी बाहेर आले आणि जीप मागे घेतली.

डाग होता.

जीप आदल्या दिवशी खेपेला गेलीसुद्धा नव्हती, चिंधी माझ्या उशीखाली होती. मी खाली बसले, बोट बुडवलं, नाकाशी नेलं. लसणाची घाण नाही. तिळाचं तेल. बोटांत चोळलं तर आत दिव्याची काजळी.

मागं वळले. आत्या दारात उभ्या होत्या, बोटं काळी.

"आला गे?" त्यांनी हळूच विचारलं, आणि डागाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आत्या, हे तुम्ही..."

"तो गेलाय हे मला कळत नाही होय गे? माझ्या मांडीवर गेला तो." त्यांनी माझ्या पदराखालची बाटली बघितली आणि डोळ्यांना पदर लावला. "पहिल्या दिवशी डाग दिसला तेव्हा वर्षभरानं तुझ्या तोंडावर जीव आला. मग तो आला म्हणायचं मी कशाला बंद करू? काल जेवली नाहीस तू."

तेव्हा मी रडले. ओल्या जमिनीवर फतकल मारून, शेजारीपाजारी दारं उघडतील इतकं मोठ्यानं. आत्यांनी मला रडू दिलं. मग पिठाचा डबा घेऊन माझ्याशेजारी बसल्या.

"जरा सरक," त्या म्हणाल्या, "मला ठिपके मांडू दे."