हिचं विरजण

संध्याकाळी मी दूध कोमट केलं, हिनं त्यात विरजण घातलं. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. शेजारी बसलेली नात म्हणाली, "आजी, अंतराळात वजन नसतं, तरी जंतू वाढतात. काही तर जास्तच दाट."

"वजन नाही तर दही भांड्यात राहील कसं?"

"ते एकमेकांना धरून राहतात गं."

पहाटे ही झोपेतच गेली. सुतकाची रीत म्हणून जमलेल्या बायका घरातलं अन्न टाकायला लागल्या. दह्याला मी हात लावू दिला नाही. माझंच वजन गेल्यासारखं झालं होतं, पाय टेकत नव्हते. भांडं उघडलं तर दही घट्ट लागलेलं. हिनं घातलेले जीव एकमेकांना धरून होते. मग माणसालाही जमेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीनं चहाला दूध आणलं. चहा राहू दिला. दूध कोमट केलं आणि हिच्या दह्यातलं चमचाभर त्यात घातलं.