अल्बम अर्ध्यावर असताना

गाठ मला दिसली नव्हती, आमच्या बास गिटारवाल्याला दिसली. साकीनाक्याला एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं रेकॉर्डिंग चालायचं. खाली प्रेसची मशीन सुरू असली की पियानोच्या तारासुद्धा गुणगुणायच्या, म्हणून कामगार जेवायला बसले की आम्ही घाईघाईने गाणं उरकायचो. असंच एक गाणं संपवून मी पाणी पीत होते. तो माझ्याकडे टक लावून बघत होता.

"गिळताना तुझ्या गळ्यात काहीतरी वरखाली होतंय."

"गळाच आहे तो."

"चेष्टा नाही करत, यार. एका बाजूला फुगलंय. डॉक्टरला दाखव."

चाळिशीला आलेली मी, आणि हा माझा पहिला अल्बम. लहानपणी वाकोल्यात शेजारच्या आंटींनी मला पियानो शिकवला. जॅझ आणि ब्लूज त्यांच्याच घरी ऐकलं. पुढे बरीच वर्षं जुहूच्या एका हॉटेलात संध्याकाळी पियानोवर बसून मी गायले, पण ती सगळी दुसऱ्यांची गाणी. अल्बममधली माझी स्वतःची होती, निम्मी मराठीत.

सोनोग्राफी झाली, मग सुई घालून तपासणी. रिपोर्ट घेऊन आई आणि मी सर्जनसमोर बसलो. गाठ संशयास्पद आहे, कॅन्सर असू शकतो, पूर्ण थायरॉइड ग्रंथी काढावी लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग म्हणाले, "तुम्ही गाता, म्हणून आधीच सांगतो. आवाजाची नस या ग्रंथीला अगदी लागून जाते. आम्ही जपतोच, पण..."

"म्हणजे आवाज जाईल?"

"बोलता बहुतेक नीट येईल. गाण्याचं मी वचन देऊ शकत नाही."

रिक्षात बसल्यावर कळलं की आईने एक ऐकलं होतं आणि मी दुसरंच. ती माझा हात घट्ट धरून कॅन्सर, कॅन्सर पुटपुटत होती. मला ऐकू येत होतं फक्त ते 'वचन देऊ शकत नाही'.

"आई, मला गाता आलं नाही तर?"

"गाणा जाऊंदे गे," ती म्हणाली. एरवी माझ्याशी साधं मराठी बोलणारी आई घाबरली की मालवणीवर जाते. "तू रवलंस म्हणजे झाला."

मी जगले म्हणजे झालं! मला तिचा रागच आला. आणि रागामागे भीती होती. घरी पोचेपर्यंत मी अल्बमची उरलेली गाणी बोटांवर मोजत राहिले.

ऑपरेशनआधी उरलेली सगळी गाणी गाऊन टाकायची असं मी ठरवलं. स्टुडिओ मिळाला, ड्रमवालाही सुट्टी टाकून आला. पण पहिल्याच ओळीला माझं लक्ष शब्दांवर नव्हतं, गळ्यावर होतं. खाज उठली का, सूर घसरला का, गाठ वाढली का. आवाज कापत होता. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बासवाल्याने गिटार खाली ठेवली.

"बस कर. तू घाबरलीयस, ते ऐकू येतंय."

"मग कधी गाऊ? नंतर? आणि नंतर आवाजच नसला तर?"

केबल गुंडाळून तो मला घरापर्यंत सोडायला आला.

ऑपरेशननंतर शुद्धीवर येत होते तेव्हा सर्जन वाकून म्हणत होते, "ई म्हणा. लांब ई." मी म्हटलं. फुग्यातून हवा गेल्यासारखा आवाज आला. त्यांनी मान डोलावली, म्हणाले सूज आहे, उतरेल. मला ते खरं वाटलं नाही.

खरी घाबरले मी दुसऱ्या दिवशी. सकाळी ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटांत. बघता बघता बोटं आखडली, अंगठा तळव्याकडे ओढला गेला. गळा गेला तरी पियानो उरेल, अशी मी मनातल्या मनात समजूत घातली होती. आता हातही! ओरडायला आवाज नव्हता. पाण्याचा ग्लास ढकलून पाडला, तेव्हा आई दचकून उठली आणि दारात जाऊन हाका मारू लागली. नर्स धावत आली. "कॅल्शियम कमी झालंय, या ऑपरेशननंतर होतं असं. आत्ता उतरेल." सलाइनमधून औषध सुरू झालं. आई माझी बोटं एकेक करून सरळ करत राहिली. दुपारपर्यंत बोटं माझ्या ताब्यात आली.

काढलेल्या गाठीच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर होता, पण ग्रंथीच्या आतच होता आणि सगळा निघाला होता. डॉक्टरांकडून ते ऐकून आलेली आई माझ्या खाटेशेजारी खुर्चीत बसून रडली. मी कुजबुजत तिला विचारलं, "आवाजाचं काय म्हणाले?" तिने विचारलंच नव्हतं.

आवाज हळूहळू आला. आवाजाचे व्यायाम करून बोलणं स्वच्छ झालं. वरचे सूर मात्र परतले नाहीत, तिथे पोचलं की नुसती हवा निघते. उरलेली गाणी खालच्या पट्टीत बसवावी लागली. स्टुडिओत परत गेले त्या दिवशी दोन वेळा बाथरूममध्ये जाऊन आले. मग पियानोपाशी बसले. आवाज जाड, जरा खरखरीत. एक गाणं शेवटपर्यंत गेलं.

"आधीची गाणीसुद्धा याच आवाजात परत करायची का?" बासवाल्याने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "तिथे हात लावायची माझी हिंमत नाही."

अल्बम तसाच निघाला. पहिली चार गाणी एका बाईची वाटतात, पुढची तीन दुसऱ्याच बाईची. पहिली चार मी अजून एकटीने ऐकू शकत नाही. ती लागली की आई येऊन शेजारी बसते.