पोंग्यातलं पाणी

मरत असलेल्या झाडाला रोज पाणी घालणाऱ्या आईचा हात तुम्ही धरला असता का?

आमच्या पडेगावच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी एक ऑर्किड आहे. ताईनं नोकरी लागल्यावर हौसेनं आणलेलं. मागच्या हिवाळ्यात ताई तापानं गेली. सुतकात देवघर बंद झालं, ते आईनं पुन्हा उघडलं नाही. बाल्कनीतली तुळस वाळली. पण आंघोळीनंतर तांब्याभर पाणी घालायची हाताला सवय होती. ते पाणी ती ऑर्किडच्या डोक्यावर ओतू लागली.

मला आधी दिसला तो पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके, हात लावला की चिकट. बिडकीनच्या मामानं बघताक्षणी ओळखला; त्याच्या कपाशीवर तो पडतो. पुढच्या खेपेला शेतातलं औषध बाटलीत घालून घेऊन आला. मी ते मारू दिलं नाही. चळवळीतल्या बाबांच्या पत्रकांच्या घड्या घालत वाढले मी. या विषांविरुद्ध स्वतःही पत्रकं लिहिली आहेत. आई जिथं झोपते त्या बंद खोलीत हे फवारायचं नाही, असं बरंच मोठ्यानं बोलले.

मामा म्हणाला, "किडे पत्रक वाचून जाणार व्हय, लेखिकाबाई?"

कुणी हसलं नाही. मामानं बाटली परत पिशवीत ठेवली.

मग मी स्पिरिटमध्ये कापूस बुडवून एकेक पान पुसलं. हात काम करत होते, मला काही वाटत नव्हतं. ताईचे कपडे आवरतानाही असंच झालं होतं. किडे कमी झाले, तरी मधलं पान पिवळं पडत गेलं. एका सकाळी त्याला बोट लावलं तर ते अलगद हातात आलं. बुडाशी काळं, कुजका वास. पोंग्यात, जिथून नवं पान फुटतं तिथं, पाणी साचलेलं.

खरं असेल ते तोंडावर सांगायचं, हे आमच्या घरातलं वळण. आई तांब्या घेऊन मागं उभी होती. मी म्हटलं, "आई, वरून पाणी नको घालू. त्यानंच कुजतंय."

तिनं तांब्यात पाहिलं.

"मग सकाळी उठून मी करू काय?"

कुजका भाग मी कात्रीनं कापला, बुरशी धरू नये म्हणून जखमेवर दालचिनीची पूड दाबली आणि स्पिरिटचा कापूस तिच्या हातात दिला. ती खाली बसली. उरलेली दोन पानं पुसू लागली. अजून रोज पुसते. नवा कोंब आलेला नाही. झाड जगेल का, हे ती विचारत नाही, मीही सांगत नाही.

तुमच्या घरात असं झाड असेल तर आजच त्याच्या पोंग्यात बोट घालून बघा. ओलं लागलं तर टिपून घ्या. आणि पाणी घालणाऱ्या हाताला आधी दुसरं काम द्या, मगच पाणी बंद करा.