माझ्या तोंडचा न

"बाई, म्हणा. चाणक्य."

"चानक्य," मी म्हणाले.

"परत."

"चानक्य."

वर्ग हसला. पहिल्या बाकावरच्या मुली तोंडाला रुमाल लावून, मागची मुलं उघड. मी फळ्याला पाठ लावून उभी होते, हातात खडू. माझे हेडसर, म्हणजे इतिहास विभागाचे प्रमुख, माझ्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या हातात माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रिलिमचा पेपर होता.

"बघा," त्यांनी पेपर वर्गाला दाखवला. "चानक्य. कुशान. पुरान. लेनी. सातकर्नी. एका पेपरात एकोणीस लाल गोल. ही चूक मुलीची नाही. तिच्या कानात जे ओतलं, तेच कागदावर उतरलं."

बाळांनो, तुम्ही नातवंडं लांब परदेशात आहात आणि तुमच्या इंग्रजीत ही अडचणच नाही. तिथे एकच एन आहे. मीही त्या एका एनच्या आडोशाला शिकले. माझे वडील कोल्हापुरात मिशनच्या बंगल्यावर माळी होते. आमचं मूळ घर कागलजवळच्या एका गावात, गावकुसाबाहेर. बंगल्यातल्या मडमेने मला इंग्रजी शिकवलं, पुढे कॉलेजही इंग्रजीतून झालं. एम.ए.च्या तोंडी परीक्षेत मी सातकर्णीवर वीस मिनिटं बोलले. तिथे कोणाला माझी जात ऐकू आली नाही.

मग सत्तरच्या सुमारास आमच्या कॉलेजात इतिहास मराठीतून शिकवायचं ठरलं. मी तोंड उघडलं, आणि सगळ्यांना ऐकू आली.

तो पेपर आक्काताईचा होता. चंदगडकडची, घरातली पहिली कॉलेजात आलेली मुलगी. तास सुटल्यावर ती जिन्यात थांबली होती.

"बाई, चुकलं काय वो माजं? तुमी सांगिटलं तसंच लिवलं की मी."

इतर मुलांनी पुस्तक बघून शब्द सुधारून घेतले होते. तिच्याकडे पुस्तक नव्हतं. तिच्याकडे मी होते.

प्रिलिमला ती तीन मार्कांनी गेली होती. प्राचीन आणि मध्ययुगीन भारताचा हा पेपर सुटल्याशिवाय तिचा फायनलचा फॉर्म पुढे जाणार नव्हता. घरी पोरगी बघायला पाहुणे येऊन गेले होते. "ह्या वर्साला न्हाय झालं, तर आण्णा परत धाडायचं न्हाईत," ती म्हणाली.

मी हेडसरांकडे गेले. तीन मार्क मागितले. चूक माझी आहे, असंही म्हणाले.

"फॉर्म पाठवू," ते म्हणाले. "पण उजळणीचे तास असे चालणार नाहीत. नोट्स तुमच्याच राहू द्या. वाचेल सुलभा. तिची वाणी शुद्ध आहे."

सुलभा त्याच वर्गातली, शहरातल्या एका वकिलांची मुलगी. वाईट नव्हती. ती माझ्या जागी उभी राहायची, माझं अक्षर माझ्यासमोर वाचायची. मी बाजूला उभी. फळा पुसायचा, नकाशा टांगायचा. वर्गात कोणी काही विचारलं तर मी उत्तर चिठ्ठीवर लिहून द्यायचं आणि ते तिने वाचायचं. ही चिठ्ठीची युक्तीही हेडसरांचीच. आठ दिवस मी चिठ्ठ्या लिहिल्या. माझी नेमणूक हंगामी होती, आणि आक्काताईचा फॉर्म त्यांच्या टेबलावर होता.

नवव्या दिवशी सुलभाने अशोकाचं पान वाचलं. "अशोक आपल्या बहुतेक लेखांत स्वतःला पियदसि म्हणवतो."

हेडसर दारातून आत आले. "पियदसि काय? प्रियदर्शी. खोडा सगळ्यांनी. गावंढळ पाथरवटांनी कोरलेली अशुद्ध अक्षरं आहेत ती. बाईंनी तशीच उचलली."

वर्ग पुन्हा हसला. माझं डोकं मात्र अगदी स्वच्छ झालं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एवढ्या मोठ्या राजाने आपलं नाव लोकांच्या तोंडात होतं तसं दगडावर कोरवलं, आणि हा माणूस त्याचीही जीभ सुधारायला निघाला होता. मग माझी काय कथा.

मी चिठ्ठी लिहिली नाही. तोंडाने बोलले. "सर, ती चूक नाही. राजाची ती भाषाच होती, प्राकृत. खोडायचं नाही."

"बाई, तुम्ही बोलायचं नाही असं ठरलंय."

"ठरलं होतं. आता नाही."

मी सुलभाच्या हातातून वही घेतली आणि पान सुरुवातीपासून वाचलं. चानक्य. पुरान. लेनी. वर्गात लेखण्यांचा आवाज येत होता. मान वर केली तर मुलं लिहीत नव्हती, पियदसि खोडत होती. हेडसर एकेका बाकापाशी उभं राहून बघत होते. आक्काताईनेही खोडलं. माझ्याकडे न बघता, पट्टी लावून, सरळ रेघ मारली.

तिला मी दोष देत नाही. फॉर्म गेला, तिने परीक्षा दिली. निकालाआधीच तिला गावी नेलं. पास झाली का, लग्न झालं का, मला कधीच कळलं नाही. जूनमध्ये माझी ऑर्डर आली नाही.

त्या दिवशी वही मिटताना जे ठरवलं, ते मी पुढच्या प्रत्येक नोकरीत आधी सांगितलं: इतिहास मी माझ्याच तोंडाने शिकवीन. ज्याला ऐकवत नाही त्याने उठून जावं. मी बाजूला उभी राहणार नाही.