आतल्या माणसासकट रेकॉर्ड प्लेअर

वारसियावहिनींचं हजारावं झालं आणि प्रावितोदादा खरे एकटे पडले. आमच्याकडे तसंच आहे. माणूस गेला की सातवा दिवस करायचा, चाळिसावा करायचा, शंभरावा करायचा आणि शेवटी हजारावा. तोवर जीव घराच्या आसपास असतो, आपल्या माणसाला बघून जातो. हजाराव्याची कंदुरी झाली, कबरीवर पक्का दगड बसला, की तो कायमचा वाटेला लागतो. तोवर दादा बरे होते हो! बाहेरून आले की दारातूनच "आलो गं" म्हणायचे. हजाराव्यानंतर मुकाट्यानं कुलूप उघडून आत जायला लागले. माझी कॉफीची टपरी त्यांच्या दारासमोरच आहे, त्यामुळे मला सगळं दिसतं. जे दिसत नाही ते मी विचारते.

या माणसाचा आख्खा जन्म लोकांच्या लग्नांत गेला. सोलो शहरात कुठंही मांडव पडला की कर्णे प्रावितोचे. मांडवामागं बसून तबकड्या लावायच्या, हे त्यांचं काम. तबकड्यांची पेटी मांडीवर घेऊन वहिनी मोटारसायकलवर मागं बसायच्या आणि सगळ्या रस्ताभर नवऱ्याशी भांडायच्या. "खड्डा बघा, खड्डा! माझं काही नाही, पेटी फुटेल!" पुढं लोक मोबाइलवरच गाणी लावायला लागले आणि धंदा बसला. कर्णे विकले, पण क्रोंचोंग गाण्यांच्या जुन्या तबकड्या काही वहिनींनी विकू दिल्या नाहीत. रोज संध्याकाळी एक लागायची. गाण्याहून वहिनींची बडबडच जास्त ऐकू यायची. त्या गेल्या, आणि हजाराव्याच्या सुमाराला त्यांचा रेकॉर्ड प्लेअरही बसला. दुरुस्त करणाऱ्यानं हात जोडले.

मुलगा हर्यादी लांब बाताम बेटावर कारखान्यात असतो. पोरगा वाईट नाही, पण फोनवर सुद्धा घाईत असतो. त्यानं पैसे पाठवले. एक यंत्र येईल, दुसरं येणार नाही, एवढेच. "बाबा, नवीनच घ्या," म्हणाला. "जुन्या बाजारात जाऊ नका. ते लोक तुम्हाला गंडवतील."

"पार्तिनी, तू येतेस का बरोबर?" दादांनी मला विचारलं. मी टपरीवर फडकं टाकलं आणि निघाले.

आधी मोठ्या दुकानात गेलो. लाल चकचकीत पेटी, वर झाकण, आवाज आतूनच येणार, वर्षभराची हमी. दादांनी घरून आणलेली तबकडी लावून पाहिली. स्वच्छ वाजली. मी म्हटलं, झालं, बांधा!

दादांनी विक्रेत्या मुलीला विचारलं, "याला आधी कुणी वापरलेलं नाही ना?"

"छे हो काका! सीलबंद. हात लावणारे तुम्हीच पहिले."

दादांनी मान हलवली, तबकडी पुसून पिशवीत घातली आणि म्हणाले, "जुना बाजार बघून येऊ."

मी वाटेत तोंडाचा पट्टा सोडला. "दादा, वेडबिड लागलंय का? जुनी वस्तू एकटी येते का कधी? ज्यानं आयुष्यभर वापरली तो आत बसलेला असतो. माझ्या मावसबहिणीनं जुना आरसा घेतला, घरात कुणीतरी वेणी घालत बसायचं. शेवटी फेकला तिनं!" दादा पुढं चालत राहिले.

जुन्या बाजारातलं गिमनचं दुकान म्हणजे बोळकांडं. त्यानं जे यंत्र काढलं ते लाकडी होतं, भलं जड. झाकणाला तडा, पट्टा सैल, सुई निराळी घ्यावी लागणार. म्हणजे सगळे पैसे तिथंच संपणार आणि हमी म्हणाल तर शून्य. वाजवून दाखवलं तर गाण्याच्या खालून घूंऽऽ असा आवाज. पण थाळी फिरायला लागली तसं दादांनी लाकडावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला.

गिमनला वाटलं, गिऱ्हाईक बिचकतंय. त्यानं छातीवर हात मारला. "रिकामं आहे दादा! शपथेवर सांगतो. सात फुलांच्या पाण्यानं पुसलंय, वर मौलवींकडून फुंकर मारून घेतलीय. आत कुणी नाही."

"कुणीच नाही?"

"मुंगीसुद्धा नाही!"

दादांनी हात काढून घेतला. "मग नको. रिकामं तर नवंही मिळतं. वर हमी देतात."

अगं बाई! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हातारा सोबत शोधत होता. आख्खं गाव ज्याला घाबरतं, ते हा माणूस पैसे मोजून घरी न्यायला निघाला होता.

गिमनलाही ते उमगलं. बाजारात मुरलेलं लोणचं ते! इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "दादा, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? आहे एक बाई. म्हातारी आहे. पुसली, फुंकली, पण जातच नाही. गरीब आहे हो, त्रास काही नाही."

"नाव काय तिचं?"

"नाव..." गिमननं छताकडं पाहिलं. "कासिनेम."

"कॉफी घेते का?"

"साखर थोडी जास्त."

मी गिमनकडं असे डोळे वटारले की दुसरा कुणी पळून गेला असता. दादा पिशवीतून पैसे काढत होते तेवढ्यात तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, म्हातारा रिकामं घेईना, मी काय करू?"

तोंडावर आलं होतं की, मेल्या, जीभ झडेल तुझी. पण दादांचा चेहरा पाहिला. हजाराव्यानंतर पहिल्यांदा तो माणूस हसत होता. मग मी निराळ्या वाटेनं गेले. "काय रे, रिकाम्या घराचा भाव सांगतोस? आत भाडेकरू आहे, ती हलत नाही, म्हणजे भाव पडला! अर्धे कमी कर." गिमन रडकुंडीला आला, पण स्वतःच्याच थापेत अडकलेला. सुईचे पैसे सुटले.

त्या दिवसापासून दादांच्या दारातून पुन्हा "आलो गं" ऐकू यायला लागलं. दर गुरुवारी संध्याकाळी, गेलेल्यांचा वार म्हणून, माझ्याकडून दोन कॉफ्या न्यायचे, एक जास्त साखरेची. गाणं लागायचं, खालून ती घूंऽऽ, आणि दादा मोठ्यानं सांगत बसायचे की ही तबकडी कुणाच्या लग्नात वाजली, तिथं जेवण कसं होतं, नवरी किती रडली. मी टपरीवरून ऐकायची. गिमनला दिलेले शिव्याशाप मी मनातल्या मनात परत घेतले.

पण दादांचा स्वभाव! सुख यांना पचत नाही. एका सकाळी येऊन माझ्या बाकड्यावर बसले.

"पार्तिनी, ती कासिनेम अजून यंत्रात का आहे, सांग बरं?"

माझा हात किटलीवरच थांबला. "मला काय माहीत?"

"तिचं हजारावं कुणी केलं नसेल. मुलांनी सामान विकलं आणि मोकळी झाली. वारसियाचं मी बोकड कापून केलं, ती नीट गेली. ही बिचारी किती वर्षं तिष्ठत असेल! आणि मी काय करतोय? मला करमत नाही म्हणून तिला कोंडून ठेवलंय. तिला कॉफी देतो आणि दार लावून घेतो. हे बरं नाही."

"अहो दादा, तिला बरं वाटत असेल की तुमच्याकडं!"

"मला बरं वाटतंय, म्हणूनच तर." त्यांनी खिशातून पैसे काढून माझ्यासमोर ठेवले. "कंदुरी घालायची. आपेम तू कर."

मी तोंड उघडलं होतं. खरंच सांगणार होते की दादा, आत कुणी नाही, कधीच नव्हतं, गिमननं छताकडं बघून नाव काढलं. पण ते सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की इतके दिवस तुम्ही रिकाम्या खोलीशी बोलत होता? माझी जीभ रेटली नाही. मी आपेमच्या गोड घावनांसाठी तांदूळ भिजत घातले.

कंदुरीला आमची सगळी गल्ली आली. चटया अंथरल्या, मधोमध भाताचा डोंगर, कोंबडी, माझे आपेम. मौलवींनी विचारलं, "कासिनेम, लेक कुणाची?" बापाचं नाव घेतल्याशिवाय दुआ कशी करणार? दादा कावरेबावरे झाले. मौलवी भले माणूस. म्हणाले, "माहीत नसू दे. आदमची लेक म्हणू, ते काही चुकणार नाही." आणि चांगली तीस माणसं त्या न जन्मलेल्या बाईसाठी हात उचलून बसली. कुणाचं काही नातं नसताना तिच्यासाठी "आमीन" म्हणाली. मला हसू यायला हवं होतं. मी पदराआड रडले.

माणसं आपापला वाटा बांधून घेऊन गेली. मी चटया गुंडाळत होते. दादांनी यंत्र लावलं, तबकडी न ठेवता, नुसतंच. घूंऽऽ चालू झालं. त्यांनी कान लावून ऐकलं आणि बंद केलं.

"गेली," म्हणाले.

"गेली ना? झालं तर मग."

"नीट गेली असेल ना गं?"

"नीट गेली, दादा. एवढ्या माणसांनी पोचवली."

ते खाली जमिनीवरच बसले. घर एकदम मोठं वाटायला लागलं. "वारसियाला मी लावलं वाटेला. हिलाही लावलं. हर्यादी येईल मला पोचवायला, विमानानं येईल. तिसऱ्या दिवशी परत जाईल, नोकरी आहे त्याची. हजार दिवस माझे कोण मोजणार?"

"मी मोजीन!" मी ओरडलेच. "मी काय मेले का? बोकड नाही परवडणार, कोंबडी कापीन, पण करीन!"

दादांनी माझ्याकडं पाहिलं. "आणि तू आधी गेलीस तर?"

माझ्या घरी तरी कोण बसलंय? नवरा कधीच गेला आणि पोर देवानं दिलंच नाही. टपरीवर सगळं गाव येतं, कॉफी पितं, उठून जातं.

"तर तुम्ही मोजा," मी म्हटलं. "आणि मोजायचं तर अंगात बळ हवं. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

मी त्यांचं ताट वाढलं. मग आपलंही तिथंच वाढून घेतलं.