एक सोडून सगळी बटणं

शिरड शहापूरच्या शाळेत पुंजाजी एकतीस वर्षं शिपाई होता. शाळा सुटल्याची घंटा त्यानंच द्यायची आणि मग एकेका वर्गात शिरून दिवे-पंखे बंद करत कुलपं लावायची. एकतीस वर्षं एकच काम केलं की ते हातात मुरतं. खोलीबाहेर पाऊल पडलं की त्याचा उजवा हात आपोआप बटणाकडं जायचा. मागं कोणी बसलंय का, याच्याशी त्या हाताला काही देणंघेणं नसायचं.

लेक शीतलच्या सोयरिकीची बोलणी करायला तो कळमनुरीला गेला, तेव्हाची गोष्ट. आत दहा-बारा माणसं बसलेली. पुंजाजी पान थुंकायला उठला आणि जाता जाता दिवा-पंखा दोन्ही बंद करून गेला. अंधारात नवरदेवाच्या मामानं विचारलं, "लाईट गेली का?" दारातून पुंजाजी म्हणाला, "न्हाई, मी गेलो." तरीही सोयरीक जमली, यातच त्या लोकांचा मोठेपणा.

रिटायर झाला आणि त्या हाताला शाळा उरली नाही. मग तो घरच्या मीटरच्या मागं लागला. सकाळचा चहा झाला की पुंजाजी स्टुलावर चढून आकडा मोठ्यानं वाचायचा आणि बायको पद्माबाईनं तो कॅलेंडरवर लिहायचा. शंभर युनिटांपर्यंत एक भाव आणि त्यापुढच्या युनिटाला दुपटीहून जास्त, हे त्याला पक्कं पाठ. शंभरचा आकडा म्हणजे त्याला गावाची शीवच वाटायची. त्याच्या पलीकडं जायचं नाही.

पद्माबाईचं दुखणं वेगळंच होतं. तिला साखर होती, रोजचं इंजेक्शन. त्या बाटल्या गारव्यात ठेवाव्या लागत आणि घरात फ्रिज नव्हता. म्हणून बाटल्यांचा डबा शेजारच्या जनकाबाईच्या फ्रिजमध्ये. जनकाबाई मनानं वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. "ये बाई, तुझ्या बाटल्या टमाट्याशी गप्पा मारून राहिल्या," असं ती चार बायकांत म्हणायची. एकदा तर ती कुलूप लावून हिंगोलीला गेली आणि पद्माबाई दुपारपर्यंत तिच्या पायरीवर बसून राहिली.

त्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, "आवो, एक लहानसा फ्रिज घ्या. मला दुसऱ्याच्या दारात उभं राहायची तकलीफ होऊन राहिली."

पुंजाजीनं हिशेब मांडला. "फ्रिज महिन्याला तीस युनिट खातो. आपले होतात एकशेदहा. ते सत्तरवर आण, दुसऱ्या दिवशी फ्रिज घरात. जबान दिली."

पद्माबाई कामाला लागली. पिवळे बल्ब काढून एलईडी लावले. घरघर करणारा जुना पंखा देऊन कमी विजेचा आणला. आंघोळीचं पाणी बादलीत भरून उन्हात ठेवलं, इस्त्रीचे कपडे घडी घालून गादीखाली. टीव्हीची पिनसुद्धा काढून ठेवायची. महिना भरला, आकडा आला ब्याण्णव. दुसऱ्या महिन्यात एक्याण्णव.

"अजून कुठं कमी करू?" ती म्हणाली. "श्वास घ्यायचं बंद करू का?"

पुंजाजीला आता वेगळाच संशय आला. त्यानं भर दुपारी घराचा मेन स्विच पाडला आणि स्टुलावर चढला. घर सगळं बंद, तरी मीटरवरचा लाल दिवा थांबून थांबून लुकलुकत होता. कोणीतरी वीज ओढतंय! भिंतीला भिंत कोणाची, तर जनकाबाईची. स्टुलावरून उतरला तो थेट तिच्या अंगणात.

"जनकाबाई, तुमचा फ्रिज कोणाच्या लाईटीवर चालून राहिला?"

ती सुपात तूर निवडत होती. सूप खाली ठेवून ती उठली. "काय म्हणले भाऊजी? तुमच्या बायकोचं औषध माझ्या फ्रिजमधी, अन् मीच चोर व्हय? उचला तो डबा!"

पद्माबाईनं डबा घरी आणला. मोठ्या मडक्यात ओली वाळू घातली, त्यात लहान मडकं बसवलं आणि त्यात बाटल्या ठेवून वरून ओलं फडकं टाकलं. वैशाखातलं ऊन होतं, दर दोन तासांनी वाळूवर पाणी शिंपडावं लागे.  सकाळी नवरा स्टुलावर चढला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता आकडा तुमीच लिहा."

त्या एका वाक्यानं पुंजाजी हलला. त्यानं पुतण्याला, रत्नपालला बोलावलं. रत्नपाल वायरमन. त्यानं बोर्ड उघडला, आत बघितलं आणि विचारलं, "काका, मेन स्विचच्या आधीच एक तार बाहेर गेलीय. कोणाची?"

"असंल जुनी."

"काढू?"

"काढ."

रत्नपालनं तार सोडवली. मीटरवरचा लाल दिवा थंड झाला. पुंजाजी "बघ! सापडला का न्हाई चोर!" असं म्हणतो न म्हणतो, तोच घरामागच्या बुद्धविहारातून जनकाबाईचा आवाज आला, "अवो, मूर्तीपुढचा दिवा काहून गेला?"

पुंजाजी स्टुलावर बसलाच.

चार वर्षांमागं जयंतीच्या वेळी विहाराला मीटर नव्हतं. बुद्धाच्या मूर्तीपुढं दिवा हवा म्हणून पुंजाजीनंच आपल्या घरातून तार ओढून दिली होती. पुढं विहाराला मीटर आलं, पंखे आणि लाऊडस्पीकर त्यावर गेले, हा एक दिवा राहून गेला. चाळीस वॅटचा निळा बल्ब रात्रंदिवस जळत होता. तो दोनदा उडाला, दोन्ही वेळा नवा बल्ब पुंजाजीनंच बसवला. अख्ख्या गावातली बटणं बंद करणाऱ्या माणसानं तेवढं एक बटण कधी बंद केलं नाही, कारण तिथून बाहेर पडताना त्याचे दोन्ही हात जोडलेले असायचे.

तो जनकाबाईकडं गेला. "चुकलं माझं. चोर मीच होतो."

"व्हय ना," जनकाबाई म्हणाली. "डबा आणा आधी. औषध मडक्यात ठेवतेत का कोणी?"

दिवा विहाराच्या मीटरवर गेला, तोही एलईडी झाला. पुढच्या महिन्यात आकडा आला बासष्ट आणि दुसऱ्या दिवशी हिंगोलीहून फ्रिज. पद्माबाईनं शेजारून डबा आणून पहिल्या कप्प्यात ठेवला. दार उघडून परत एकदा बघितला.

संध्याकाळी ती आत गेली तर फ्रिज मुका. पुंजाजी नुकताच खोलीतून बाहेर पडला होता.

 तिनं इंजेक्शनच्या पिशवीतली चिकटपट्टी काढली आणि फ्रिजचं बटण चालू करून त्यावर आडवी-उभी चिकटवून टाकली. पुंजाजीचा हात अजूनही जाता जाता तिथं जातो, पट्टीला लागतो आणि परत खिशात येतो.