सर्वांत चांगला कॅचर कोण?

आज आमच्या ड्रेस्डेनच्या विद्यापीठाच्या कँटीनमध्ये माझ्या लॅबमधले मार्क आणि केंजी बेसबॉलवरून भांडत होते. आजवरचा सर्वांत चांगला कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, कोण? मार्क जुन्या काळातल्या एकाला धरून बसला होता.

"तू त्याला खेळताना पाहिलंस तरी का?" केंजी म्हणाला.

"मी नाही, वडिलांनी पाहिलंय. फोनवर आमचं हेच भांडण चालतं."

मला त्याचा हेवा वाटला. घरात शिकलेली मीच पहिली. माझ्या संशोधनाबद्दल काय विचारावं हे बाबांना कळत नाही, म्हणून "जेवलीस का?" एवढ्यावर आमचा फोन संपतो.

जेवून उठले आणि बाबांना फोन लावला. ते गावच्या संघात विकेटकीपर होते. त्यांना कॅचरचं भांडण सांगितलं आणि विचारलं, "बाबा, आपल्याकडे सर्वांत चांगला कीपर कोण?"

बाबा जुन्यांबद्दल बोलू लागले. मी मुद्दाम आजच्यांची बाजू घेतली. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणत ते थांबेचनात.

मग म्हणाले, "त्या कॅचरलाही सारखं उकिडवं बसावं लागतं का गं?"

"हो."

"मग त्याचेही गुडघे ठणकत असणार."

बाबांचे गुडघे दुखतात, हे मला आज कळलं.

तुमच्या घरचे फोनवर कशाबद्दल भरभरून बोलतात?